ग्लिसरीनला ओलावा हवा

दाढीच्या गोल साबणाची निगा राखण्याचे शास्त्र मोठे कडक आहे. काम झाले की वरचा फेस धुवावा, पाणी निथळू द्यावे आणि वडी पुरती सुकल्याशिवाय डबीला झाकण लावू नये. कारण साबणातले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते. कोंडून ठेवले की वडी लिबलिबीत होते. मुंबईच्या पावसाळ्यात हे सगळे पटते. जालन्यात मे महिन्यात ग्लिसरीनने ओढायचे तरी काय? आमची वडी सुकतच नाही, अशी तक्रार इथे कुणी केलीच, तर शेजारी आधी विचारतील, ‘तुमच्याकडे नळ आला वाटतं?’

आणि तो फेस धुवायचा कशाने? सूचना लिहिणाऱ्याच्या घरी चोवीस तास पाणी असणार. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावलेले हे शहर. आता जायकवाडीचे पाणी येते. रोज येते असे म्हणायचे धाडस मात्र उमेदवाराखेरीज कुणी करत नाही. तेव्हा आजचा फेस वाटीतच वाळतो आणि उद्या दोन थेंबांत पुन्हा उभा राहतो. शास्त्र याला अस्वच्छता म्हणते; जलसंधारणवाल्यांनी खरे तर अनुदान द्यायला हवे.

सळया आणि बियाणे देशभर पाठवणाऱ्या या गावात झाकण लागते ते पाण्याच्या ड्रमला. दाढीनंतर गालावर फिरवायची तुरटीसुद्धा आधी त्या ड्रमात फिरून येते. गालाचा नंबर नंतर.