जंगलजेटीच्या अलीकडे पंप बदलावा

गोव्यात एकेकाळी स्पोर्ट्‌स कार बनत होती, असं सांगितलं तर निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. उरलेले विचारतात, "मग पार्ट कुठे मिळतात?" हे दुसरे लोक पोळलेले असतात.

सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली. जागा दोघांपुरती, अंग फायबरग्लासचं, आणि पोटात रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. फ्रान्समध्ये हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओ या भाजी आणणाऱ्या, पोरं शाळेत सोडणाऱ्या गाड्या ओढत होतं. आपल्याकडे ते छप्पर उघडून, गॉगल लावून फिरलं. आज यातल्या पहिल्या गाड्यांनी पंचविशी ओलांडली आहे. मालकांचं वय त्याहून अधिक आणि उत्साह दोघांच्या वयाला न शोभणारा.

अशा मालकाला कोकणचा किनारा फार भुलवतो. माणगाव सोडायचं, घोणसे घाट चढायचा, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दिघीला उतरायचं आणि जंगलजेटी नावाच्या फेरीबोटीवर गाडी चढवून पलीकडे आगरदांड्याला, तिथून मुरूडला जायचं. नकाशावर हा बेत देखणा दिसतो. नकाशात दिघी बंदराकडे निघालेला ट्रेलर मात्र दिसत नाही. घाटात त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तापमानाचा काटा मध्यावरून हलतो आणि उजवीकडे सरकू लागतो. मालक एसी बंद करतो. मग गाणी बंद करतो. गाण्यांचा इंजिनाच्या तापाशी काही संबंध नसतो, पण संकटात माणूस जे बंद करता येईल ते बंद करतो.

तर इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप बदलायचा कधी?

गॅरेजात ज्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात तो हा पंप. एक दांडा, त्यावर पंख्याची चकती, बेअरिंग आणि एक सील, एवढाच संसार. चकती कुलंट फिरवते आणि सील ते बेअरिंगपर्यंत जाऊ देत नाही. दिघीच्या समोर जंजिरा आहे, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. सीलचं कामही तेच, आतलं पाणी आणि बाहेरचं जग वेगळं ठेवायचं. जंजिऱ्याने भल्याभल्यांना दाद दिली नाही. रबर आणि कार्बनच्या सीलकडून तेवढी अपेक्षा करणं गैर आहे.

सील थकलं की कुलंट पंपाच्या अंगावर मुद्दाम ठेवलेल्या एका बारीक भोकातून बाहेर येतं. हे भोक ठेवणारा इंजिनीयर मोठा सज्जन असला पाहिजे. बेअरिंगमध्ये पाणी शिरण्याआधी मालकाला कळावं, एवढाच त्याचा हेतू. तिथे पुसटसा डाग असेल तर घाबरण्याचं कारण नाही. थेंब पडत असेल, किंवा हिरवी-गुलाबी खपली धरली असेल, तर पंपाने नोटीस दिली आहे. इंजिन बंद असताना पुली हाताने हलवावी. ती डुगडुगली, किंवा इंजिन चालू असताना तिथून घरघर आली, तर नोटिशीची मुदतही संपली.

पण मालक थेंब पाहून काय करतो? खाली पुठ्ठा ठेवतो.

काही पंप मात्र नोटीस देतच नाहीत. १९९०च्या दशकातल्या काही बीएमडब्ल्यूंमध्ये पंपाची चकती प्लास्टिकची होती. ती तडकून दांड्यावरच सुटायची; बाहेर थेंब नाही, पुली झकास फिरतेय आणि आत कुलंट जागच्या जागी उभं. पोर्शेवाल्यांनी हा प्रश्न कितीतरी वर्षं मुळातच टाळला होता. त्यांची ९११ ही १९९८पर्यंत हवेवर थंड होत होती, पंपच नाही तर बदलणार काय! पुढे तिच्यात पाणी आलं तेव्हा जुने भक्त हळहळले. त्यातल्या थोड्यांना तरी पुढच्या खर्चाची चाहूल लागली असावी.

"माझी गाडी फार पळालेलीच नाही," हे मालकाचं आवडतं वाक्य. कव्हरखाली झोपलेली गाडी किलोमीटरने तरुण असते, पण पंपाला वय नुसतं किलोमीटरने येत नाही. उभ्या गाडीत सील कोरडं पडतं. कुलंटमधली गंजरोधक द्रव्यं काळाबरोबर संपतात. त्यात कुणी विहिरीचं पाणी भरलेलं असेल तर क्षार आतून थर धरतात. फायबरग्लासचं अंग खाऱ्या वाऱ्याला भीक घालत नाही. त्याच्या आतलं लोखंड आणि अॅल्युमिनियम घालतं. वर्षभर रोज बोर्ली-म्हसळा करणारी वडाप या बाबतीत स्पोर्ट्‌स कारपेक्षा निरोगी असू शकते.

खरा हिशेब खोलाफिटिंगचा आहे. अनेक इंजिनांत पंप टायमिंग बेल्टच्या मागे दडलेला असतो, कित्येकांत तो बेल्टच पंपाला फिरवतो. मग पंप जाम झाला की बेल्ट जातो, आणि काही इंजिनांत त्यानंतर वॉल्व आणि पिस्टनची गाठ पडते. ती भेट मालकाला फार महागात जाते. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५मध्ये पंपाचा पट्टा वेगळा आहे, तरी पंप काढायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. म्हणून जाणते लोक बेल्ट बदलताना पंपही बदलून टाकतात, तो ठणठणीत असला तरी. मजुरी एकदाच पडते. 'चालतोय की अजून' हा युक्तिवाद इथे फार महाग आहे, कारण पंप थांबला की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि पंपाच्या किमतीत नुसतं गॅस्केटसुद्धा बसवून मिळत नाही.

एवढं ऐकूनही देशी उपायांवर श्रद्धा असणारे असतातच. रेडिएटरला बारीक गळती असेल तर हळद टाका, असं रस्त्यावर कुणीही सांगेल. हळदीचा गाळ छिद्रात बसतो आणि थोडा वेळ गाडी चालते, हे खरं आहे. पण फिरत्या दांड्याच्या सीलवर हळद बसत नाही, ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. दुसरा पंथ थर्मोस्टॅट काढून फेकणाऱ्यांचा. आणि तिसरा, सगळ्यांत धाडसी, गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्यांचा. झाकणाखाली दाब असल्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघताच ते एकदम उकळतं आणि थेट तोंडावर येतं.

म्हणजे दिघीचा बेत असेल तर पंप मुंबई-पुण्यात असतानाच बघावा. इथे रस्ता खाडीत संपतो. ट्विंगोचा पंप म्हसळ्याच्या बाजारात टांगलेला नसतो. तो परदेशातून मागवावा लागतो आणि तोवर गाडी सुपारीच्या वाडीत कोंबड्यांना आडोसा देते.

बोर्लीच्या बाजूच्या एखाद्या मिस्त्रीसमोर हा खटला उभा राहतो तेव्हा तो फार बोलत नाही. खाली वाकतो, बोट लावतो, हुंगतो.

"सायेब, पंप, बेल्ट, टेन्शनर, दोन्ही होज. कुलंट नवीन."

"एवढं सगळं? एक थेंबच तर पडतोय!"

मिस्त्रीची नजर मागच्या चकचकीत, जाडजूड सायलेन्सरवर जाते. "ह्यो केवढ्याला पडला?"

मालक आकडा सांगतो, पण आवाज एकदम खाली येतो, कारण घरी सांगितलेला आकडा वेगळा होता. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडतं आणि वहिनी उतरतात.

"मिस्त्री, पंप बदलून टाका," त्या म्हणतात. "आणि यांना तो आकडा जरा मोठ्याने सांगायला लावा."