सात फटींची जीप

वर्धा जिल्ह्यात जुन्या जीपला जेवढा थोर इतिहास असतो, तेवढा नागपूरच्या भोसल्यांनाही नसेल. कोणताही खटारा दाखवा, तो 'लढाईतला'च असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या खाली कोणी उतरतच नाही. त्यात पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्याच देवळी तालुक्यात, त्यामुळे "डेपोच्या लिलावातली हाय, सर" एवढं म्हटलं की पुढे कागदपत्र कोणी मागत नाही. मीही मागितले नाहीत. पैसे मोजले आणि मोकळा झालो.

माल काय होता तेही सांगतो. इंजिन नाही, चाकं नाहीत, चेसिससुद्धा नाही. नुसती बॉडी. गोठ्याच्या मागे पऱ्हाटीच्या ढिगाखाली पडलेली, आत कोंबड्यांचा संसार. विकणाऱ्याने कोंबड्या तेवढ्या सौद्यात धरल्या नाहीत. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून ती अंगणात उतरली तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली. "सारं जग भंगार विकून राहिलं, आन् तुम्ही विकत आणून राहिले!" असं म्हणून ती आत गेली. त्यानंतर या विषयावर तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. ते जास्त लागलं.

हे खूळ मोबाईलमधून आलं. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर माणसाच्या हाती वेळ आणि मोबाईल एकदमच येतात. अमेरिकेतली पोरं १९३२ ची फोर्ड घेत, मडगार्ड काढून फेकत, टप कापून बुटका करत आणि त्यात दांडगं इंजिन बसवून धूळ उडवत. त्याला हॉट रॉड म्हणतात. देवळीच्या आठवडी बाजारातून धडधडत जाणारी हॉट रॉड आणि स्टेअरिंगमागे पोट सावरून बसलेला मी, हे चित्र मला झोपू देईना. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं, "बाबा, गाडीत असे बदल करता येत नाहीत. कंपनीने दिली तशीच ठेवायची, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलंय." मग मी लगेच जाहीर केलं की मला हॉट रॉड नकोच होती, मला मूळ रूपात जतन करायचं आहे. जतन म्हटलं की कोणी हसत नाही.

तसं पाहिलं तर आमच्या जिल्ह्याची हॉट रॉडची परंपरा उलट्या दिशेची. जमनालाल बजाजांकडच्या जुन्या फोर्डला बैल जुंपून ती गांधीजींसाठी वापरात आणली आणि गमतीने तिला 'ऑक्सफर्ड' म्हणू लागले, अशी आठवण इकडे सांगतात. अमेरिका मोटारीत जास्तीचे घोडे भरत होती तेव्हा आम्ही दोन बैलांवर भागवत होतो.

बॉडी अंगणात आल्याबरोबर इतिहासकार जमले. एकाने तिला थेट ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आणली. दुसऱ्याच्या मते तिच्यात जनरल बसायचा. कोणता ते मात्र ठरेना. तिसरे गृहस्थ म्हणाले, हिच्यात विनोबाजी बसले होते. आता विनोबाजी १९५१ मध्ये पवनारहून तेलंगणात गेले ते पायी, आणि नेहरूंनी दिल्लीला बोलावलं तेव्हा तिथेही पायीच गेले. पण मी गप्प राहिलो, कारण विनोबाजींमुळे जीपचा भाव वाढत होता.

जतन करायला पुलगाव रोडवरचा डेंटर आणला. त्याने बॉडीभोवती एक फेरी मारली आणि घरातलं चुंबक मागितलं. फ्रीजवरचं शेगावचं चुंबक आणून दिलं. दाराच्या चौकटीशी ते चिकटलं. खाली सरकवलं तसं सुटून त्याच्या हातात आलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. मागच्या चाकाच्या कमानीवर तर ते टेकायलाच तयार नव्हतं.

"सर, यात पत्रा कुठी हाय? सारी पुट्टीच हाय."

मग तो समोर गेला आणि जाळीच्या उभ्या फटींवर बोट ठेवत मोजू लागला. सात. मला वाटलं, बिचाऱ्याचं गणित कच्चं असेल. मी स्वतः मोजल्या. सातच. महायुद्धातल्या जीपच्या ठोकीव जाळीला फटी नऊ असतात आणि मागे उघडणारं फळकं नसतं. माझ्या जीपला ते होतं, कोंबड्या त्यावरूनच चढायच्या. बोनेटही चांगलंच उंच. १९५३ मध्ये विलीजने नव्या मॉडेलमध्ये इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, इंजिनची उंची वाढली आणि बोनेट वर उचलावं लागलं. तीच जीप पुढे महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. म्हणजे लढाई संपून आठ वर्षं लोटल्यावर जन्मलेलं मॉडेल मी लढाईतलं म्हणून घेतलं होतं.

तरी आशा सुटेना. फोर्डने युद्धासाठी केलेल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' अक्षर असे, हे वाचलं होतं. भिंग घेऊन एकेक बोल्ट तपासला. एकावर अक्षरं सापडली, लुधियानाची. जुन्या जीपने फसलेला मी पहिला नाही, हाच काय तो दिलासा. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी आपल्या सरकारने परदेशातून ८० लाखांचा जीपांचा सौदा केला. आल्या १५५, आणि त्याही सैन्याच्या कामाच्या निघाल्या नाहीत. संसदेत गोंधळ झाला. माझ्याकडे संसद नव्हती, फक्त बायको होती, आणि ती बोलत नव्हती.

डेंटर म्हणाला, पुट्टी काढल्याशिवाय वेल्डिंग धरणार नाही, तुम्ही घासून ठेवा. मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. वरचा थर निळा, बैलबंडीला मारतात तो ऑइलपेंट. त्याखाली पिवळट पांढरा. त्याखाली, डाव्या बाजूला, लाल रंगाचं एक टोक दिसू लागलं. काळजाचा ठोका चुकला. अमेरिकन सैन्याचा तारा पांढरा असतो, पण त्या क्षणी मी रशियालाही हो म्हटलं असतं. पाणी मारत, हलक्या हाताने घासत गेलो. टोक खालच्या बाजूला होतं. दोन रेषा वर फाकत गेल्या आणि वर एका आडव्या रेषेने बंद झाल्या. शेजारचे जनरलवाले काका वाकून बघत होते, ते सरळ झाले आणि म्हणाले, "बाप्पा!"

लाल त्रिकोण. कुटुंब नियोजनाचा.

इतिहासकार पाच मिनिटांत पांगले. ब्रह्मदेशवाल्यांना दवाखान्याची आठवण झाली, विनोबावाल्यांना ओलिताची. जनरलवाले तेवढे मागे राहिले. वय ऐंशीच्या घरातलं. बराच वेळ त्रिकोणाकडे बघून म्हणाले, "हे जीप आली का आमी तुरीत."

मग सांगत गेले. आणीबाणीचा हिवाळा, तूर डोक्याएवढी उभी. जीपचा आवाज वाघोबासारखा ओळखू यायचा. आवाज आला की बाया दारात आणि गडी तुरीत. काहींनी रात्री तिथेच काढल्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून राहिलं. त्या तुरीत लपलेल्या मंडळींच्या नातवंडांना मी पुढे तीस वर्षं पाढे शिकवले, त्यामुळे तुरीचे उपकार माझ्या पगारावरही आहेत.

"ड्रायव्हरले घरं माहीत नसत," काका म्हणाले. "दाखवाले एक मास्तर पुढच्या सीटवर बसला राहे."

"कोणते मास्तर?"

"तुमचे बाबाच ना, सर!"

शिक्षकांना तेव्हा 'केसेस' आणायचं टार्गेट असे, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. बाबांनी घरात हा विषय कधी काढला नाही. मी ज्या सीटवर जनरल बसवत होतो, तिथे माझेच वडील यादी घेऊन बसलेले निघाले. हे आत जाऊन बायकोला सांगितलं. ती कितीतरी दिवसांनी बोलली. म्हणाली, "तरीच! मी म्हटलं, एवढं वेड कुठून आलं यांच्यात. घरचीच जीप हाय."

डेंटरला आता तो त्रिकोण सोडून बाकीचं काम करायला सांगितलं आहे. सर्वांत आतला हिरवा रंग सापडला आहे, मागच्या कमानीला नवा पत्रा लागला आहे. अडलं आहे ते नंबरावर. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये भरून. पण नोंदणीला चेसिस नंबर लागतो आणि माझ्याकडे चेसिसच नाही. काकांच्या आठवणीप्रमाणे आरोग्य खात्याने जीप लिलावात काढली, इंजिन ओलितासाठी गेलं आणि चेसिसची कोणीतरी ट्रॉली केली.

तेव्हा देवळी, पुलगाव, वर्धा पट्ट्यातल्या शेतकरी बांधवांना विनंती, आपल्या जुन्या ट्रॉलीखाली एकदा वाकून बघा. जीपची चेसिस दिसली तर तिच्यावरचा नंबर लिहून माझ्याकडे पाठवा. ट्रॉलीचे पैसे देईन. माझे वडील तुमच्या घरी आले होते का, तेही त्याच चिठ्ठीत लिहा.