दाजींची पायी पाचगणी

सहकुटुंब पायी शहर बघायची साथ आता पसरणी घाट चढून पाचगणीला पोचली आहे. आमचे दाजी तिच्या पहिल्याच तडाख्यात सापडले. शनिवारी पहाटे घरातल्या पाचही जणांनी नवे कोरे बूट चढवले आणि चालायला म्हणून सगळे गाडीत बसले. ताईच्या सासूबाईंनी बुटावरची किमतीची चिठ्ठी काढू दिली नव्हती. न जाणो, परत करायची वेळ आली तर! घाटात गाड्यांची रांग लागली. कठड्यावरची माकडं मात्र दाजींच्या देखत पुढं निघून गेली.

दाजी वाचून आले होते. महाबळेश्वरच्या पावसात साहेबाचा टिकाव लागेना, म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसननं दांडेघर, गोडवली, खिंगर, आमराळ आणि तायघाट या पाच गावांच्या मधे हे ठाणं वसवलं. सिल्व्हर ओक लावले आणि शेवटी इथल्याच मातीत पडून राहिला. तेव्हा आरंभ सेंट पीटर्स चर्चमधल्या त्याच्या कबरीपासून.

"सकाळी सकाळी मसणात?" सासूबाईंनी विचारलं. चेसन रद्द झाला.

मग दाजींनी हवेचा इतिहास काढला. ही हवा फुप्फुसाला मानवते म्हणून १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी इथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं, वगैरे. क्षय हा शब्द ऐकताच सासूबाईंनी धाकट्याच्या नाकाला पदर लावला आणि गाडीच्या काचा वर करायला लावल्या. ज्या हवेसाठी लोकांनी आयुष्याच्या शेवटच्या आशा इथवर वाहून आणल्या, ती बाहेर राहिली. आत एसी.

शाळांची पाळी आली. फारूख बलसारा नावाचं पोरगं सेंट पीटर्समध्ये शिकलं, तिथंच दोस्तांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि पुढं फ्रेडी मर्क्युरी म्हणून जग गाजवलं. थोरला पहिल्यांदाच मोबाइलमधून वर बघत होता. तेवढ्यात ताईनं विचारलं, "बोर्डात किती होते त्याला?" थोरल्यानं मान पुन्हा खाली घातली. आमच्याकडं कलावंताचं मूल्यमापन हे असं टक्क्यांत होतं, त्याला पाचगणी तरी काय करणार!

मधला दीड तास स्ट्रॉबेरी क्रीमच्या रांगेत गेला. तेवढं मात्र सगळ्यांनी उभ्यानं केलं.

उरलं टेबललँड. लाव्हाचे थर, वर जांभ्याचा माथा. २०२५ मध्ये महाबळेश्वर-पाचगणीच्या या खडकांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलंय. इथं तरी चालायचंच, असं म्हणून दाजी गाडीतून उतरले. पठारावर घोडेवाला आडवा आला.

"पायी कुठं निघालाय सायेब? बसा की! सगळं पॉइंट दावतो."

"आम्ही चालायला आलोय."

"तेच म्हंतोय. ह्यो चालतोय की."

हा युक्तिवाद बिनतोड होता. पाचही जण घोड्यांवर चढले आणि मुक्कामाला पोचल्यावर दाजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. घोड्याची सगळी पावलं इमानेइतबारे त्यांच्या खात्यात जमा झाली होती. 'हेरिटेज वॉक पूर्ण' म्हणून आकड्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडला. पुण्याहून धाकट्या काकांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं : दमला असाल, आता येताना चालू नका.