प्रिसेप्टर सर, आपला वेग पाहून

आदरणीय प्रिसेप्टर सर,


फार्म.डी.च्या इंटर्न मुलांचे ई-पोर्टफोलिओ तपासायला मला बाहेरून बोलावलं होतं. आलो मुलांचं काम बघायला आणि भारावून गेलो ते आपल्या कर्तृत्वाने. रात्री ११.४० ते ११.५२ एवढ्या वेळात आपण ९६ नोंदी मंजूर केल्यात. म्हणजे एका नोंदीला साडेसात सेकंद. त्यात रुग्णाची केस, औषधांची यादी, समुपदेशन आणि मुलाचं आत्मपरीक्षण, सगळं वाचून झालं! कागदी लॉगबुकात सह्या कधी केल्या हे कुणाला कळत नसे. सॉफ्टवेअर मेलं वेळ लिहून ठेवतं, त्याला तुम्ही काय करणार?

अभिप्राय सगळीकडे एकच: ‘एक्सलंट. कीप इट अप.’

एका नोंदीपाशी मी अडखळलो. मेडिसिन वॉर्डातल्या एका मुलीने लिहिलंय: संधिवाताच्या आजी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा लिहून दिलेलं, पण बाकीच्या गोळ्या रोजच्या म्हणून आजी हीही रोज घेतात. तोंड आलंय, घास जात नाही. ‘राउंडला एवढे डॉक्टर होते, बोलायचं धाडस झालं नाही. नंतर सिस्टरना सांगितलं. सर, अशा वेळी थेट डॉक्टरांना गाठायचं का? सीबीसी करा म्हणणं माझं काम आहे का?’

मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं तर अस्थिमज्जा मार खाते, माणूस दगावूही शकतो, हे तुम्हीच वर्गात शिकवलं असणार. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी ही पोर फार्मासिस्टसारखा विचार करत होती आणि तुम्हाला विचारत होती. खाली आपलं उत्तर: ‘एक्सलंट. कीप इट अप.’ काय चालू ठेवायचं सर, गप्प बसणं?

तिच्या पुढच्या नोंदी पाहिल्या. ‘आज मला संवादाचे महत्त्व समजले.’ हेच वाक्य, स्वल्पविरामासकट, आणखी पाच जणांकडे मिळालं. वाचणारा कुणी नाही हे मुलांना फार लवकर कळतं.

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये पिरॅमिड मांडला: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि सर्वांत वर, प्रत्यक्ष कामात करणं. ते टोक लेखी परीक्षेत दिसत नाही, म्हणून तर पोर्टफोलिओ. २००८ च्या फार्म.डी. नियमावलीनुसारही इंटर्नच्या कामाची नोंद प्रिसेप्टरने पडताळून प्रमाणित करायची असते. गुण ० ते ५, आणि ३ पेक्षा कमी पडले तर इंटर्नशिप असमाधानकारक. आपण सरसकट ४ दिलेत. ५ दिले तर कुणी कारण विचारेल, २ दिले तर पालक येतील. ४ ला कुणाचीच हरकत नसते.

तुमच्या डोक्यावर लेक्चर्स आहेत, नॅकच्या फायली आहेत, कबूल. मग ९६ नोंदी मागता कशाला? दहा मागा आणि वाचा. पण मग डॅशबोर्ड हिरवागार दिसणार नाही, आणि प्राचार्यांना तर तोच दाखवायचा असतो.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा येतोय. त्या आजींच्या सीबीसीचं काय झालं, हे तोंडी विचारणार आहे. त्या मुलीला नाही, तुम्हाला.

आपला,
एक बाह्य परीक्षक