सर्व्हिस लिफ्ट आणि झोळी

पुण्यात घर घ्यायचं ठरलं की माणसाला एकदम नकाशा वाचता येऊ लागतो. गाणगापूरच्या संगमावर भीमा कुठून येते आणि अमरजा कुठून, हे ज्याला बोट दाखवून सांगता येत नाही, तो बाणेर ते हिंजवडी हे अंतर मिनिटांत सांगतो. सकाळी नऊची मिनिटं वेगळी, रात्री अकराची वेगळी.

गाणगापुरातल्या पुजारी घरांची, कलबुर्गीच्या डॉक्टर-वकिलांची, अफझलपूर-आळंदच्या तूरवाल्यांची पोरं आयटीत लागली. नवराबायको दोघं कमावती. आता पोराबाळांसकट, आईवडलांसकट कायमचं पुणं. मग घरात बैठक बसते. औंध की बाणेर? कल्याणीनगर की कोरेगाव पार्क? वाकडचं नाव निघालं की सूनबाई गप्प होतात. तो नकार समजायचा. कोथरूड म्हटलं की आप्पांचा चेहरा खुलतो, कारण त्यांचे जुने यजमान सगळे तिथलेच. मुलगा म्हणतो, "आप्पा, कोथरूडहून रोज हिंजवडी गाठायची म्हणजे सप्ताहच बसवावा लागेल."

बैठकीतून तक्ता निघतो. आडव्या ओळीत उपनगरं, उभ्या ओळीत शाळा, हॉस्पिटल, मॉल, मेट्रो, भाव. आणि शेवटचा रकाना 'क्राउड'. सगळ्यांना दहापैकी मार्क. क्राउडला कोरेगाव पार्क नऊ, वाकड पाच. हे मार्क देणाऱ्यांपैकी एकानंही त्या उपनगरातल्या एकाही माणसाबरोबर चहा घेतलेला नसतो. घेतला असलाच तर दलालाबरोबर, आणि तो राहायला धायरीत.

चांगला क्राउड म्हणजे काय, हे मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. उत्तराचा मथितार्थ एकच निघाला: आपल्यासारखेच, पण आपल्यापेक्षा थोडे श्रीमंत. गंमत म्हणजे आधीपासून तिथं राहणाऱ्यांनाही शेजारी म्हणून नेमके असेच हवे असतात. त्या हिशेबानं आपण आलो की त्यांचा क्राउड बिघडतो.

तसे आम्ही गाणगापूर-कलबुर्गीकडचे लोक राज्य बदलण्यात मुरलेले. आमच्या आजोबांनी उंबरा न ओलांडता राज्यं बदलली. १९४८ पर्यंत निजाम, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर, १९७३ ला कर्नाटक. पुढं २०१४ ला गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं आणि २०१९ ला हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण-कर्नाटक. एवढ्या उलथापालथीत मूव्हर्स-पॅकर्सवर एक पैसा खर्च झाला नाही. नातू मात्र सोलापूर ओलांडून चार तास पुढं गेला की 'परराज्यातला' होतो. घरात मराठी, देवघरात दत्त, ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. पण कागदावर केए.

हा कागद तक्त्यात कुणी धरत नाही. महाराष्ट्रात डोमिसाईल मिळायला साधारण पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आणि इकडं घटनेच्या ३७१-जे कलमामुळं आमच्या मागास भागातल्या मुलांना शिक्षणात, नोकरीत राखीव वाटा आहे. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीनं तो मिळाला. पुण्यात त्या दाखल्याला कुणी विचारत नाही. म्हणजे इथला हक्क वेशीवर सुटतो आणि तिथला पंधरा वर्षांनी हातात येतो. मधल्या काळात पोरगं बारावी होऊन जातं. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारच्या सवलती आहेत. आपलं मूळ गाव त्या यादीत आहे का, हे जलतरण तलाव किती फुटी आहे याच्या आधी बघावं. पण तलावाचा फोटो ब्रोशरमध्ये असतो, यादीचा नसतो.

गाडीचं तसंच. केए-३२ ची पाटी घेऊन बाणेर रस्त्यावर उतरलात की चौकातल्या मामांना तुम्ही लांबूनच ओळखू येता. ना-हरकत आणा, नव्यानं कर भरा, जुन्या कराचा परतावा मागत कलबुर्गीच्या आरटीओत खेटे घाला. २०२१ पासून बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी बीएच मालिका आली आहे, बसत असेल तर ती घ्या आणि सुटा. शाळेची तऱ्हा आणखी न्यारी. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं कन्नड सक्तीचं, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं मराठी. घरात झोपेतही मराठी बोलणारं पोरगं आजवर कन्नड लिहीत आलेलं असतं, ते पुण्यात येऊन मराठीतच मागं पडतं आणि त्याला मराठीची शिकवणी लावावी लागते. आजी कपाळावर हात मारते.

आता उपनगरांकडं वळू. बाणेर १९९७ साली महापालिकेत आलं, तरी उन्हाळ्यात टँकरची रांग सुटली नाही. बाणेर-बालेवाडीच्या पाण्याचं भांडण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. कोटीच्या वरचा फ्लॅट, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा टँकर किती वाजता येणार याची. ही चर्चा आमच्याकडं फुकटात होते. बाणेर परवडेना म्हणून पुढं सरकलात की सूस, म्हाळुंगे. ही गावं पालिकेत आली २०२१ ला, पण जाहिरातीत त्यांचा बाणेरशी सोयरसंबंध फार आधी जुळला होता. औंधला झाडी आहे, रुंद रस्ते आहेत, फक्त तिथून शिवाजीनगरला जाताना विद्यापीठ चौक लागतो. तिथला उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० ला पाडला आणि पुढची काही वर्षं तो चौक ज्यांनी रोज ओलांडला, त्यांना आमच्याकडं वेगळ्या अनुष्ठानाची गरज नाही. सिंहगड रस्त्याला हवा छान. मात्र २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीतल्या लोकांना होडीतून बाहेर काढावं लागलं. खुद्द हिंजवडी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती २०२५ च्या पावसाळ्यात तुंबली तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की या जगप्रसिद्ध आयटी पार्कच्या गावाचा कारभार ग्रामपंचायत बघते.

मला विचाराल तर सगळ्या पुण्यात मगरपट्टा बरा वाटतो. कारण आवारातली कारंजी नव्हे. तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरच्या घशात घालण्याऐवजी एकत्र करून स्वतःच नगर उभं केलं. मूळ गावकरी तिथं मालक म्हणून राहिले. बाकी बऱ्याच ठिकाणी मूळ गावकरी शोधायचा तर ग्रामदैवताच्या जत्रेपर्यंत थांबावं लागतं.

असो. मुद्दा क्राउडचा होता.

क्राउडला मार्क देणारी हीच मंडळी पौर्णिमेला, दत्तजयंतीला गाणगापूरला येतात. गळ्यात झोळी अडकवतात आणि पाच घरी माधुकरी मागतात. बायकामुलांसकट, उन्हात, अनवाणी. मनापासून मागतात, त्यात खोट नाही. दुपारच्या वेळी दत्तमहाराज कुठल्याही रूपात इथं भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून दारात आलेल्याला कोण, कुठला, कितवा मजला असं कुणी विचारत नाही. भाकरीचा तुकडा पडतो, माणूस पुढच्या दाराला जातो.

आता समजा, महाराज एखाद्या दुपारी बाणेरला गेले. गेटवर नाव, मोबाइल नंबर, फोटो. वरून अ‍ॅपवर होकार येईपर्यंत उन्हात उभे. होकार आलाच तर रखवालदार सांगणार, "बाबा, मेन लिफ्ट नको, मागची सर्व्हिस लिफ्ट घ्या." बरोबर गाय आणि चार कुत्री, त्यावर कमिटीची खास सभा. आणि ठराव मांडणारे गृहस्थ मागच्याच पौर्णिमेला आमच्या ओसरीवर झोळी पसरून उभे होते. मी ओळखतो त्यांना, भला माणूस आहे. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून बिघडला.

परराज्यातून कुटुंब हलवताना पहिल्या वर्षी खरी गरज कशाची लागते? रात्री दोनला आईच्या छातीत दुखलं तर ज्याचं दार वाजवता येईल अशा शेजाऱ्याची. कुठला गॅसवाला वेळेवर येतो, कुठला बालरोगतज्ज्ञ उगीच औषधं लिहीत नाही, हे सांगणाऱ्या काकूंची. महागड्या उपनगरात पैसे मोजतो आपण नेमके याच्या उलट गोष्टीचे: कुणी दार वाजवू नये याचे. मग वर्षभरानं फोन येतो, "करमत नाही हो इथं, शेजारी कोण राहतं तेच माहीत नाही." अहो, त्याचेच तर दर चौरस फुटाला जादा पैसे दिलेत.

गुरुचरित्रातली कथा भाविकांना पाठ असते, पण घर बघताना आठवत नाही. दत्तावतारी नृसिंहसरस्वती मूळचे कारंज्याचे. काशी, औदुंबर, नरसोबाची वाडी करत गाणगापूरला आले. (कारंजा आणि गाणगापूर दोन्ही तेव्हा बहमनींच्या राज्यात, त्यामुळं डोमिसाईलचा प्रश्न आला नाही.) आधी संगमावर राहिले. मग गावच्या राजानं पालखीतून गावात आणलं. आणि घर धरलं कुठलं? ज्याच्याजवळच्या पिंपळावर ब्रह्मराक्षस राहतो म्हणून कुणी फिरकत नव्हतं, ते ओस पडलेलं. आजच्या तक्त्यात त्या जागेला क्राउडपायी भोपळाच मिळाला असता. तिथं मठ झाला, पुढं निर्गुण पादुकांचं स्थान झालं, आणि आता उत्सवाच्या दिवसांत मठाजवळ एक खोली मिळावी म्हणून पुण्याचे लोक महिना-महिना आधी वशिला लावतात.

तेव्हा माझा सल्ला रोकडा आहे. आधी अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहा. करार नोंदवून घ्या, महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. घर मुलांच्या शाळेजवळ असू द्या, ऑफिस काय, दोन वर्षांनी बदलतंच. एप्रिलमध्ये जाऊन बघा, डिसेंबरात पुण्यातलं प्रत्येक उपनगर छान दिसतं. दलालाला काही विचारू नका, रखवालदाराला विचारा, टँकर किती लागतात. तो बहुतेक आपल्याच भागातला निघेल, कन्नडमध्ये विचारलंत तर खरं सांगेल. जिन्यात दोन माणसं थांबून बोलताना दिसली तर फ्लॅट थोडा लहान असला तरी चालवून घ्या.

आणि एक प्रश्न आमच्यातर्फे विचारा: सोसायटीचं सांडपाणी कुठं जातं? सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलंय ते खरंच चालतं, की नुसतं पाहुण्यांना दाखवायला आहे? कारण बाणेर-औंधच्या काठानं मुळा वाहते, ती पुढं मुठेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनी भरते, पंढरपूरला चंद्रभागा होते आणि तिथून आमच्या संगमावर येते. पुण्याचं मैलापाणी शुद्ध करायला अकरा नवी केंद्रं उभारायची योजना २०१६ ला मंजूर झाली आणि वर्षानुवर्षं रखडली. उन्हाळ्यात इकडं पात्र कोरडं पडतं, उजनीतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना महाराष्ट्राला पत्र लिहावं लागतं. २०२५ च्या मार्चअखेरीलाही लिहिलं होतं. पाणी मागायचं आम्ही आणि पाणी कसलं ते ठरवायचं तुमच्या सोसायटीनं, असा हा व्यवहार आहे. पुढच्या पौर्णिमेला तुम्ही याल, संगमावर बुडी माराल, ओंजळभर तीर्थ तोंडात घ्याल. त्याआधी सोसायटीच्या सभेत ते यंत्र तेवढं सुरू करून घ्या.