सगळं कसं आपल्यासारखंच!

ठाण्याचे आमचे एक स्नेही कंपनीच्या कृपेने हल्ली इथे, माझ्यासारखेच काठमांडूत असतात. संस्कृतीचे कडवे अभिमानी. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून त्यांनी ठाण्यात निवेदनं दिली, पाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून चालले आणि ‘इथे राहायचं तर इथली भाषा शिका’ हे सोसायटीच्या प्रत्येक सभेत इतिवृत्तात नोंदवून घेतलं. अशा माणसाला नेपाळात माहेरी आल्यासारखं वाटायला हवं. व्हिसा नाही, लिपी देवनागरी, गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने, पशुपतिनाथ हाकेच्या अंतरावर. विमानतळावरून घरी येतानाच ते मला म्हणाले, ‘अहो, सगळं आपल्यासारखंच आहे की!’ आठवडा गेला आणि तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार घड्याळाची. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. आपली वेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरते. नेपाळने १९८६ पासून गौरीशंकर शिखरालगतचं सव्वाशहाऐंशी अंशांचं रेखावृत्त धरलं. एका अंशाला चार मिनिटं, हिशेब चोख. ‘पण पाव तासासाठी एवढा अट्टहास कशाला?’ असं विचारणाऱ्या या गृहस्थांची अख्खी नोकरी ठाण्याच्या आठ एकवीसच्या फास्टवर उभी होती. आठ बावीसला फलाटावर पोचणाऱ्याला ते बेशिस्त म्हणत.

मग सुट्टी. इथे सुट्टीचा वार शनिवार. पहिल्याच रविवारी सकाळी ते लुंगीवर पेपर वाचत बसले असताना ऑफिसातून फोन, ‘सर, येताय ना?’ स्नेही भडकले. रविवारची सुट्टी म्हणे आपली परंपरा. ही परंपरा साहेबाच्या चर्चमुळे आली आणि गिरणी कामगारांना ती मिळवून देण्यासाठी नारायण मेघाजी लोखंड्यांना १८९० पर्यंत झगडावं लागलं, हे मी सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

पंचांगाची गंमत याहून मोठी. नेपाळात विक्रम संवत नुसता भिंतीवर टांगलेला नसतो, तो वापरात असतो. जन्मतारीख, पगार, वीजबिल, शाळेची फी, सगळं ‘गते’वर. साल इंग्रजी सनाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढे, महिने एकोणतीस दिवसांपासून थेट बत्तीस दिवसांपर्यंत. घरमालकीणबाईंनी, म्हणजे दिदींनी, भाडं एक गतेला मागितलं आणि स्नेह्यांनी ते एक तारखेला नेऊन दिलं. दिदी हसून म्हणाल्या, अजून अर्धा महिना आहे. घरी येऊन हे म्हणतात, ‘एकविसाव्या शतकात असली कॅलेंडरं कोण वापरतं?’ मी त्यांना चालू शालिवाहन शक विचारला. ज्याच्या स्वागतासाठी दरवर्षी फेटा बांधतात, त्या नववर्षाचा आकडा त्यांना मोबाइलमध्ये शोधावा लागला.

एका शनिवारी दिदींनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, सकाळी दहाला. इथे पहिलं जेवण नऊ-दहालाच होतं, दुपारी खाजा, रात्री पुन्हा डाळभात. स्नेही शहाणपणा करून घरून कांदेपोहे खाऊन आले होते. समोर भाताचा डोंगर, डाळ, रायोचा साग, गुंद्रुक, मुळ्याचं लोणचं. वाटी रिकामी होण्याआधीच दिदींचा डाव तयार. तिसऱ्या वाढीला त्यांनी ताटावर आडवा हात धरला, तो दिदींनी हलकेच बाजूला सारला आणि भात वाढला. शेवटी शेवटी गृहस्थांच्या कपाळावर घाम होता. एवढ्यात धाकट्या मुलासाठी चिउरा आला. हे आपलेच पोहे, पण कोरडे, कडकडीत, शेजारी बटाट्याची भाजी. स्नेही हादरले. ‘फोडणी नाही? हळद नाही? वर खोबरं?’ परतताना जिन्यात मला म्हणाले, ‘या लोकांना पोहे कळलेच नाहीत.’ डोंगराएवढा भात मात्र त्यांनी संपवला होता, तेव्हा त्या घराचा अपमान झाला नाही, एवढं मी त्यांच्या पदरात टाकतो.

तिहारात, म्हणजे आपल्या दिवाळीत, इथे एक दिवस कुत्र्यांचा. गल्लीतल्या भटक्या कुत्र्याच्याही गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर टिळा, पुढ्यात गोडधोड. ठाण्याच्या सोसायटीत कुत्र्यांना पोळी घालणाऱ्या बाईंना नोटीस धाडणारे आमचे स्नेही त्या दिवशी फोटो काढत हिंडले आणि त्याच सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. खाली ओळ, ‘हीच आपली सनातन संस्कृती.’

भाषेचं मात्र पाहवत नाही. लिपी वाचता येते, निम्मे शब्द ओळखीचे, महिनाभरात कामापुरतं बोलता यावं. पण यांची हिंदी भाजीवालीपासून बँकेपर्यंत दणदणीत चालते आणि समोरच्याने नेपाळीत उत्तर दिलं की यांना आखडूपणा दिसतो. परवा किराणा दुकानात त्यांनी हजाराची वस्तू पाहून ‘फार महाग’ म्हणून हुज्जत घातली. दुकानदाराने शांतपणे विचारलं, ‘आयसी की एनसी?’ म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी? भारताचे शंभर म्हणजे नेपाळचे एकशेसाठ, हा दर १९९३ पासून कायम आहे. वस्तू सव्वासहाशेची निघाली. मग जाता जाता यांनी ‘आम्ही तुमचे मोठे भाऊ’ हे ऐकवलंच. दुकानदार म्हणाला, ‘हो, २०१५ साली भूकंपानंतर सीमेवर ट्रक अडले, तेव्हा चार महिने आम्ही लाकडं जाळून स्वयंपाक केला.’ तेही अस्खलित हिंदीत.

आता स्नेह्यांची बदली म्युनिकला झाली आहे. जर्मनचा क्लास लावलाय, रोज सकाळी दोन तास घोकंपट्टी चालते. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, हे ते भेटेल त्याला कौतुकाने सांगतात.