भूतान म्हणजे १८० ट्रॅक्टर

'जेवलास का?' या प्रश्नाचं उत्तर किरिबाटीच्या झेंड्याचा इमोजी असू शकतं, हे पिंपळगाव बसवंतातल्या आयांच्या आता अंगवळणी पडलंय. खाली समुद्र, त्यावर उगवता सूर्य, सूर्यावर उडणारा पिवळा पक्षी. पोरगं जेवलंय की नाही, ते त्या पक्ष्यालाच ठाऊक. 'क्लासला पोचलास?' तुवालू. 'फी भरली का?' मोझांबिक. मोझांबिकच्या झेंड्यावर चक्क एके-४७ बंदूक आहे, त्यामुळे ही न भरल्याची कबुली समजायची की बापाला दिलेली धमकी, यावर घरात दोन तट पडतात.

या खेळाचे नियम मोठे कडक. झेंड्याचा विषयाशी काडीचा संबंध नसावा, ही पहिली अट. अमेरिका, इंग्लंड, जपान बाद, कारण ते सगळ्यांना ओळखू येतात. तिरंगा तर काकालोकांच्या मालकीचा. मध्यंतरी चाडचा झेंडा जोरात होता. इंटरनेटवर रुबाबदार, बिनधास्त गड्याला त्याच नावाने ओळखतात, म्हणून. पण चाड नावाचा देश आहे, एवढं सांगितलं तरी आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी 'हल्ली कुणाला आहे?' असं विचारतात, तेव्हा तो विनोद आपोआप निकालात निघाला. भाच्याने मला तत्त्व समजावून सांगितलं ते असं : "मामा, जो झेंडा गुगल करावा लागतो तोच चालतो. पण तुम्ही गुगल केलंय हे समोरच्याला कळलं, की तुम्ही संपलात."

मी संपलो, कारण मी गुगल केलं.

तर या झेंड्यांमागची यंत्रणा अशी. मेसेजमध्ये झेंडा म्हणून पाठवलेलं काही नसतंच. दोन रोमन अक्षरं एकमेकांना चिकटवलेली असतात, देशाच्या कोडाची, आणि फोन त्यावर कापड चढवतो. २०१० मध्ये अक्षरांचे कोड ठरवणाऱ्या युनिकोडवाल्यांनी ही युक्ती काढली आणि अमुक देश खरा की खोटा या भानगडीतून अंग काढून घेतलं. कोडांची आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्याकडे बोट दाखवलं की झालं. म्हणूनच बुवे नावाच्या ओसाड बेटालाही झेंडा आहे. तिथे माणूस राहत नाही, झेंडा दिसायला हुबेहूब नॉर्वेचा, पण कोड वेगळा. विंडोजच्या फॉण्टात हे झेंडे नाहीतच, तिथे बऱ्याचदा नुसती अक्षरं दिसतात. आणि हिशेबनिसाच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पोरांचं बिंग फुटतं ते असं. येमेन आणि रियुनियन शेजारी ठेवले की वाय-ई, आर-ई, म्हणजे 'ये रे'. जर्मनी आणि नामिबिया म्हणजे 'दे ना'. ऑस्ट्रेलियासारखाच दिसणारा पण हर्ड आणि मॅक्डोनाल्ड बेटांचा म्हणून असलेला झेंडा आला, तर एच-एम : रुसलेल्या मुलीचा 'हम्म'. ज्या आजोबांना हे परराष्ट्र धोरण वाटत होतं, ते खरं म्हणजे उसने पैसे मागणं होतं.

२०२२ मध्ये युनिकोडने जाहीर केलं, नव्या झेंड्यांचे अर्ज बंद. तरी २०२४ च्या यादीत सार्क बेट घुसलंच. इंग्लिश खाडीतलं हे बेट, वस्ती सहाशेच्या आत. तिथे मोटारींना बंदी, ट्रॅक्टरला परवानगी. मालेगाव जिल्ह्याची मागणी करणाऱ्यांनी एवढ्यावरून काय तो बोध घ्यावा. आणि जिथे रस्त्यावर मोटारींऐवजी ट्रॅक्टर चालतात ते बेट झेंड्यास पात्र असेल, तर हंगामात सकाळी आमच्या बाजार आवाराबाहेरचा रस्ताही पात्र ठरतो.

पोरांना नावं ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांचं आता बघू. काठीवरचा तो लाल त्रिकोणी झेंडा घ्या. युनिकोडच्या लेखी तो नुसता त्रिकोणी झेंडा. महाराष्ट्राने तो दिसताक्षणी भगवा म्हणून दत्तक घेतला. सकाळी सहाला 'जय शिवराय' आणि तीन झेंडे, वारीच्या दिवसांत 'राम कृष्ण हरी' आणि पाच, शिवजयंतीला मोजता येणार नाहीत इतके. तिकडे २०२१ च्या ऑक्टोबरात जगभरच्या पोरापोरींनी हाच झेंडा 'या माणसापासून लांब राहा' अशा अर्थाने ट्विटरवर ओळीने लावला, आणि तो अर्थ निफाड तालुक्यातल्या मुलींपर्यंतही पोचला. मग लग्नाच्या बायोडेटात मुलाचे वडील भक्तिभावाने प्रत्येक ओळीपुढे एक झेंडा लावतात, आणि मुलगी वाचते : मुलगा निर्व्यसनी, सावधान. स्वतःचं शेततळं, सावधान. एकत्र कुटुंब, सावधान. तिसऱ्या ओळीपुरता तिचा अंदाज चुकला असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पंधरा ऑगस्टला चष्मा घरी विसरलेली मंडळी नायजरला मानवंदना देतात, तेही आता नवं राहिलं नाही. केशरी, पांढरा, हिरवा, मधोमध केशरी गोळा. चक्राच्या आऱ्या मोजायला कुणाला वेळ आहे? चित्र बघून मनात भलताच अर्थ धरण्यात आमचा मतदारसंघ मुळात अनुभवी आहे. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत एका पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि एका अपक्षाला मिळाली नुसती तुतारी. नावातही साम्य होतं. अपक्षाच्या पदरात एक लाखाहून जास्त मतं पडली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की या पिढीला चिन्हांचं गांभीर्य राहिलं नाही म्हणून.

पण भाच्याच्या मित्रमंडळाचा हा खेळ पिंपळगावात हवा तसा रंगत नाही, त्याचं कारण वेगळंच आहे. मुंबई-पुण्याच्या पोरांना भूतान, बाहरीन, मॉरिशस हे झेंडे विनोदी वाटतात कारण त्यांच्या लेखी ते कशाचेच नाहीत. आमच्याकडे त्यांना भाव आहे. क्विंटलमागे.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. मग सरकारला देश आठवू लागले. फेब्रुवारी-मार्चात सवलती निघाल्या : बाहरीनला ३,००० टन, मॉरिशसला १,२००, भूतानला साडेपाचशेच्या आसपास. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी भाच्याने भूतानचा झेंडा टाकला. पांढरा ड्रॅगन, पंज्यांत रत्नं धरलेला. ज्येष्ठांना वाटलं पोरगं पुन्हा चाळे करतंय. शिवाय ड्रॅगनच्या पंज्यातली रत्नं दोघातिघांना कांदेच वाटली. चाळे नव्हते, अधिसूचना होती. एका नानांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. तीस क्विंटलचा ट्रॅक्टर धरला, तर बाहरीन म्हणजे हजार ट्रॅक्टर, मॉरिशस चारशे, भूतान एकशे ऐंशी. मॉरिशसला पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं आहेत, तेव्हा तो चारशेचा आकडा भावकीच्या फोडणीला गेला असं समजून काहींनी मन शांत केलं. उरलेल्या कांद्याचं काय, यावर नानांनी आयुष्यात पहिल्यांदाच इमोजी वापरला. मी तो इथे छापत नाही.

एप्रिल अखेरीस यादी सहा देशांवर गेली : बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, भूतान, बाहरीन, मॉरिशस, एकूण ९९,१५० टन. त्याच सुमारास गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वेगळी वाट मिळाली. तिच्यासाठी कुठला झेंडा टाकावा, यावर ग्रुपमध्ये रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली आणि ती ॲडमिनने पुसून टाकली. ४ मे ला बंदी उठली, तर ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर भाव अशी अट आली. १५ मे ला पिंपळगावात पंतप्रधानांची सभा झाली, तिथे एका तरुणाने भाषण चालू असताना 'कांद्यावर बोला' अशी आरोळी ठोकली. झेंडा न वापरता, स्वतःच्या तोंडाने. या पिढीकडून एवढी थेट भाषा आल्याचा तो विरळा प्रसंग.

शुल्क पुढे २० टक्क्यांवर आलं आणि २०२५ मध्ये पूर्ण काढलं, ते १ एप्रिलपासून. तारीख बघून दुपारपर्यंत कुणी विश्वासच ठेवला नाही. दुसऱ्याच दिवशी ट्रम्पसाहेबांनी जगावर कर लावला, त्यात ती हर्ड आणि मॅक्डोनाल्ड बेटंही होती, जिथे पेंग्विन सोडून ये-जा करणारं कुणी नाही. पेंग्विनवर १० टक्के. भाच्याने लगेच 'हम्म'चा झेंडा टाकला आणि खाली नानांनी लिहिलं, "पेंग्विनाला दहा अन्‌ कांद्याला चाळीस?" नानांच्या या एका ओळीला जितके हसरे चेहरे मिळाले, तितके भाच्याच्या साऱ्या द्वीपसमूहाला मिळून मिळाले नसतील.

द्राक्षवाल्यांची अडचण त्याहून मोठी. त्यांच्या घरात नेदरलँड्सचा झेंडा कुणी चुकून पाठवला, तरी म्हातारे उठून बसतात : कंटेनर लागला का रॉटरडॅमला? नमुना पास झाला का? २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात माल अडकला, तेव्हापासून लाल-पांढरा-निळा दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यात लक्झेंबर्गचा झेंडा जवळपास तसाच, निळा जरा फिका. एका पोराने गमतीत लक्झेंबर्ग टाकला आणि बापाने थेट एजंटला फोन लावला. गमतीची किंमत एजंटने पुढच्या गाडीच्या भाड्यात वसूल केली असावी, असा माझा अंदाज.

शेवटी ॲडमिननेच नियम काढला. ग्रुपवर फक्त माल घेणाऱ्या देशांचे झेंडे टाकावेत, माल न घेणारे देश टाकल्यास तीन दिवस बाहेर. भाचा किरिबाटीपायी दोनदा बाहेर जाऊन आलाय. बांगलादेशचा झेंडा तेवढा ॲडमिनने स्वतःच्या अखत्यारीत ठेवलाय. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकार गडगडलं आणि कांद्याचे ट्रक सीमेवर उभे राहिले, तेव्हापासून तो झेंडा टाकायचा झाला तर गाडी पलीकडे गेल्याची पावती आधी त्यांच्या पर्सनलवर पाठवावी लागते.